माडावर चढायचं साहित्य: यंत्राआधी दोर घ्या

माडावर चढून नारळ काढणारे पाडेली मिळेनासे झाले तशी आमच्या भागात जवळजवळ प्रत्येक आगरात माडावर चढायची यंत्रं आली. चांगलंच झालं. पण यंत्र घेऊन आलेल्या दहा जणांकडे गेलो तर आठ जणांकडे एकच चित्र दिसतं. यंत्र नवं कोरं, आणि कमरेला बांधायला घरातला जुना पट्टा, नाहीतर होडीवरचा पिवळा दोर. काहींकडे तेवढंही नसतं. साहित्य घ्यायचा क्रमच उलटा झालाय. यंत्र तुम्हाला वर नेतं. पाय सुटला तर धरून ठेवणं हे दोराचं आणि हार्नेसचं, म्हणजे अंगावर घालायच्या पट्ट्यांचं काम, आणि त्यांची निवड यंत्रापेक्षा जास्त विचार मागते.

पहिल्या वर्षी मीही हेच केलं. पंचवीसेक फुटांवर पाय यंत्राच्या पायट्यातून (पाय ठेवायच्या जागेतून) सुटला आणि कमरेचा दोर माडाभोवती असूनही खोडावरून सरसर खाली घसरला. यंत्राचं वायरचं कडं खोडाभोवती असतं, त्याला येऊन अडकला म्हणून थांबलो. दोन्ही हात आणि छाती सोलून निघाली. दोर तुटला नव्हता, गाठ सुटली नव्हती, तरी त्याने मला धरलं नाही. त्याचं कारण टप्पा २ मध्ये सांगतो. बाकी काही वाचलं नाहीत तरी तेवढं वाचा.

टप्पा १: आधी माड मोजा

दुकानात जाण्याआधी टेप घेऊन आगरात फिरा. माडाचा बुंधा सुजल्यासारखा जाड असतो, तो सोडून त्याच्या वर, छातीच्या उंचीला घेर मोजा. शिडी लावून जमेल तेवढ्या वरही एकदा मोजा. सगळ्यांत जाड आणि सगळ्यांत बारीक माडाचे आकडे कागदावर लिहा. यंत्राचं वायरचं कडं या दोन्ही टोकांना बसलं पाहिजे. जुन्या बाणवलीचा आणि नव्या संकरित माडाचा घेर सारखा नसतो. एका माडावर यंत्र चालवून बघितलं म्हणजे सगळ्या आगराचं झालं असं समजू नका. पोफळीवर हे यंत्र लावायचा तर विचारही करू नका. तिचं खोड बारीक, आणि तिचं साहित्यच वेगळं असतं.

मोजता मोजता माडांचे दोन भाग करा: चढायचे आणि न चढायचे. न चढायचे माड असे:

- खोडाला भोकं पडून तपकिरी चिकट रस येतोय. सोंड्या भुंग्याने आतून पोखरलेलं असतं.
- कोयत्याच्या पाठीने ठोकल्यावर पोकळ आवाज येतो.
- शेंडा बारीक झालाय, मधला कोंब कुजलाय किंवा वीज पडलेली आहे.
- खाडीच्या, समुद्राच्या पाण्याने मुळं उघडी पडली आहेत.
- विजेची तार जवळून गेली आहे. झावळ पडताना तारेला टेकू शकत असेल तरी तो माड याच यादीत घाला. महावितरणकडून लाईन बंद करून घेतल्याशिवाय त्याखाली उभंही राहू नका.

जुन्या माडांना चढण्यासाठी पायऱ्यांसारख्या खाचा पाडलेल्या असतात. तिथे वायर खाचेच्या कडेवर बसते आणि वजन पडल्यावर अचानक एक-दोन इंच सरकते. तेवढा धक्का हात सुटायला पुरतो. असे माड आणि फार कललेले माड जाणत्या पाडेल्यासाठी ठेवा. थोडा कललेला माड चालतो, पण चढायचं पाठीकडून, म्हणजे वरच्या बाजूने. पोटाकडून चढलात तर सगळं वजन हातांवर येतं.

> तपासा: चढायच्या प्रत्येक माडाला चुन्याची खूण केली का? भर कामात "हाही करून टाकू" असं होतंच. खूण नसेल तर चढायचं नाही.

टप्पा २: हार्नेस आणि दोर

*हार्नेस.* पूर्ण अंगाचा घ्या: खांद्यावरून, छातीवरून आणि दोन्ही मांड्यांतून पट्टे जाणारा. नुसता कमरपट्टा घेऊ नका. पडल्यावर माणूस कमरपट्ट्यात मधोमध दुमडतो आणि बरगड्यांवर, पोटावर सगळा हिसका येतो. लेबलवर आयएस ३५२१ किंवा ईएन ३६१ हे मानक हवं. बांधकामावरचा स्वस्त हार्नेस घेतलात तर त्याला बहुधा फक्त पाठीवर कडी असते. ती माडावर आपल्या कामाची नाही, कारण आपला दोर समोर असतो. आपल्याला तीन कड्या लागतात: छातीसमोर एक आणि कमरेच्या दोन्ही बाजूंना एकेक. दुकानातच घालून बघा. मांडीच्या पट्ट्याखाली सपाट तळहात जावा, मूठ जाऊ नये.

*दोन दोर, दोन कामं.* माझं चुकलं ते इथेच. बहुतेकांकडे एकच दोर असतो: कमरेच्या एका कडीतून निघून माडाला वळसा घालून दुसऱ्या कडीत. याला आपण कमरदोर म्हणू. तो तुम्हाला खोडाशी धरून ठेवतो, हात मोकळे करतो, मागे रेलून घड कापता येतो. पण तो ताणलेला असतो तुम्ही पाय रोवून मागे रेललेले असता तोवरच. पाय सुटला की तुम्ही खोडाला चिकटता, दोर सैल पडतो, आणि माडाला तर फांदीही नाही जिथे तो अडकेल. मग तो खोडावरून तुमच्यासोबतच खाली येतो.

म्हणून दुसरा दोर लागतो, फासदोर. त्याच्या एका टोकाला शिवलेला किंवा नीट बांधलेला डोळा असतो. दोर माडाभोवती फिरवायचा, त्याच डोळ्यातल्या कॅराबिनरमधून (उघड-बंद होणाऱ्या पोलादी कडीतून) ओवायचा आणि मोकळं टोक छातीसमोरच्या कडीला लावायचं. वजन आलं की फास आवळतो आणि खोड पकडतो. गोठ्यात दावं ओढलं की आवळतं, तसंच. अंगणात गुडघ्याएवढ्या उंचीवर लावून दोन्ही दोर ओढून बघा. कमरदोर घसरतो, फास गच्च बसतो. एकदा हाताला कळलं की पुन्हा कोणी सांगावं लागत नाही.

दोर कोणता? ११ ते १२ मिलिमीटर जाडीचा, आत गाभा आणि बाहेर विणलेलं आवरण असलेला, कमी ताणणारा नायलॉनचा दोर. लेबलवर तुटण्याची ताकद किमान २२ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २,२०० किलो. हा आकडा मोठा वाटतो, पण गाठ मारली की ताकद कमी होते, खोडाच्या खरबरीत वळ्यांवर घासून आणखी कमी होते, आणि पडण्याचा हिसका वजनाच्या कितीतरी पट असतो. पिवळा-निळा पॉलीप्रॉपिलीनचा दोर उन्हात कुजतो आणि वरून दिसायला ठीकच दिसतो, तो घेऊ नका. सुंभाचा तर प्रश्नच नाही. पाडेली पायात सुंभाचा फास अडकवून चढतात हे खरं, पण ती लहानपणापासून अंगात मुरलेली विद्या आहे. आपण ते बघून शिकायच्या वयाचे राहिलो नाही.

कमरदोर शक्य असल्यास आत पोलादी तार असलेला घ्या. ताणलेल्या नायलॉनला धारदार कोयता नुसता टेकला तरी तो लोण्यासारखा कापला जातो. तारेचा गाभा असेल तर निदान एक चूक पचते.

कॅराबिनर पोलादी, आपोआप बंद होऊन कुलूप लागणारा, आणि उघडायला दोन वेगळ्या हालचाली लागणारा हवा. अंगावर किलोन्यूटनचा आकडा कोरलेला असतो, तो २२ च्या खाली नको. चावीच्या गुच्छाला लावतात तसला हुक दिसायला अगदी तसाच असतो. फसू नका.

> इशारा: फासदोर छातीच्या खाली येऊ द्यायचा नाही. तो जितका खाली, तितकं तुम्ही आधी पडता आणि मग थांबता. ढिला दोर म्हणजे लांब हिसका.

टप्पा ३: आता यंत्र

बाजारात मुख्य दोन जाती आहेत. उभ्याने चालवायचं यंत्र आपल्याकडे चेंबेरी या नावाने ओळखतात. उजव्या आणि डाव्या पायासाठी दोन स्वतंत्र भाग, प्रत्येकाला पायटा, मूठ आणि खोडाभोवती वायरचं कडं. वजन टाकलं की कडं आवळतं, उचललं की सैल होतं. हलकं आणि झटपट. पण मनगट, खांदे आणि तोल तिन्हींची परीक्षा घेतं. दुसरं बसून चालवायचं, तामिळनाडू कृषी विद्यापीठाच्या नमुन्याचं. त्यात वरची चौकट बसायला आणि खालची पायांसाठी. जड आहे, वेळ जास्त खातं, पण दर हालचालीला बूड टेकतं. ज्यांनी आधी कधी माड चढलेला नाही किंवा पन्नाशी ओलांडली आहे त्यांनी हेच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. दिवसाला चाळीस माड करायचे नसतील तर वेगाचं आपल्याला काय करायचंय?

बसण्याच्या यंत्रात एक चूक हमखास होते. वरची आणि खालची चौकट एकमेकींना पट्ट्याने जोडलेली नसते. पायातून खालची चौकट निसटली की ती सरळ जमिनीवर जाते आणि माणूस चाळीस फुटांवर पाटावर बसलेला राहतो. जोडपट्टा नसेल तर स्वतः बसवून घ्या.

उभ्या यंत्रासाठी कासरगोडच्या केंद्रीय लागवड पिके संशोधन संस्थेने वेगळी सुरक्षा जोडणी तयार केली आहे. ती मिळत असेल तर घ्या, पण फासदोर तरीही लावा.

यंत्र जुनं असो वा नवं, ताब्यात घेताना हे बघा:

१. वायर. सुती फडकं वायरवर धरून अख्ख्या लांबीवरून ओढा. जिथे धागा अडकेल तिथे तार तुटलेली आहे. बोटाने बघू नका, रक्त निघतं. एक जरी तुटलेली तार सापडली तर वायर बदलायची.

२. क्लिपा. वायरचं टोक वळवून क्लिपने आवळलेलं असेल तर क्लिपची दिशा बघा. खोबणीचं बूड वजन पेलणाऱ्या लांब वायरवर हवं आणि 'यू' आकाराचा बोल्ट कापलेल्या आखूड टोकावर. उलटी असेल तर बोल्ट नेमका वजनाच्या वायरला चेपून कमजोर करतो. दुकानातून नव्या आलेल्या यंत्रावरही मी उलट्या क्लिपा बघितल्या आहेत.

३. रबर. खोडाला टेकणारं रबर नखाने दाबून बघा. कडक आणि चकचकीत झालं असेल तर ते घसरणारच.

४. वेल्डिंग. जोडावर केसाएवढी गंजाची रेघ दिसली तर ती चीर आहे. वर रंग मारून ती जात नाही.

५. वजन. यंत्रावर लिहिलेल्या मर्यादेत तुमचं वजन अधिक कोयता, दोर, हार्नेस बसलं पाहिजे. त्यांचेच पाच-सात किलो होतात.

टप्पा ४: बाकीचं

हेल्मेट हनुवटीच्या पट्ट्यासकट, खालच्या माणसालाही. पायात पातळ पण न घसरणाऱ्या तळव्याचे बूट, चप्पल नको. कोयता पाठीमागे म्यानात, आणि मुठीला दोरी बांधून ती हार्नेसला. शेंड्यात कचरा आणि पोयीची (माडाच्या फुलोऱ्याची) भुकटी डोळ्यात जाते, म्हणून साधा चष्मा. लांब बाह्यांचा सदरा ओंबिलांसाठी, म्हणजे झाडावरच्या चावऱ्या लाल मुंग्यांसाठी.

टप्पा ५: जमिनीवरची तालीम

हा टप्पा लोक गाळतात, आणि मग पहिली तालीम थेट चाळीस फुटांवर होते.

हार्नेस घालून फासदोर डोक्याच्या उंचीला लावा आणि पाय जमिनीपासून वीतभर उचलून पूर्ण वजन टाका. कुठे टोचतंय, कुठला पट्टा सरकतोय, छातीची कडी गळ्याशी येतेय का, हे इथेच कळतं. दोन मिनिटांत मांड्या बधिर व्हायला लागतील. खऱ्या प्रसंगी नुसतं लोंबकळत राहणं किती घातक आहे ते यावरून लक्षात येईल. पाय लटकलेले राहिले की रक्त पायांत साचतं आणि थोड्याच वेळात शुद्ध हरपू शकते. म्हणून हार्नेसच्या खिशात पट्टीचा एक पायफास कायम ठेवा. तो फासदोराला अडकवून त्यात उभं राहता येतं, रक्त खेळतं राहतं आणि यंत्राकडे पाय नेता येतो. हेही जमिनीलगत चार वेळा करून बघा.

त्यानंतर यंत्र. आठवडाभर पाच-सहा फुटांच्या वर जायचं नाही. वर-खाली, वर-खाली, डोळे मिटून हात मुठीवर जाईपर्यंत. नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये केरळात सुरू केलेलं यंत्रावरचं प्रशिक्षण सहा दिवसांचं होतं. तेवढे दिवस उगाच ठेवलेले नाहीत. कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करून शिकायची संधी मिळाली तर सोडू नका. माड चढणाऱ्यांसाठी मंडळाची केरा सुरक्षा ही विमा योजनाही आहे, तिची माहिती तिथेच विचारून घ्या.

> तपासा: खाली दुसरा माणूस आहे का? त्याच्याकडे चार्ज केलेला फोन आहे का? १०८ आणि ११२ हे नंबर त्याला माहीत आहेत का? आसपास दुसरं यंत्र कोणाकडे आहे आणि ते चालवणारा आज गावात आहे का? एका प्रश्नाचं उत्तर "नाही" आलं तर आज चढू नका.

टप्पा ६: चढताना

सकाळची वेळ, कोरडं खोड. पावसाळ्यात खोडावर शेवाळ धरतं. उन्हाने वरून सुकलेलं दिसलं तरी रबराखाली ते बुळबुळीतच असतं. खोडावर दोनदा जोरात ठोका आणि मिनिटभर वर बघत राहा. गांधीलमाश्या किंवा मधमाश्या असतील तर हालचाल दिसते.

क्रम असा:

१. बुंध्याची सूज जिथे संपते त्याच्या वर यंत्र बसवा. दोन्ही कड्यांची कुलपं बंद करा, खालच्या माणसाला हात लावून तपासायला सांगा.

२. दोन्ही दोर यंत्राच्या कड्यांच्या वर, खोडाभोवती घाला. पाय अजून जमिनीवरच आहेत. इथून परत जमिनीवर पाय टेकेपर्यंत निदान एक दोर कायम लागलेला राहील.

३. पायट्यांवर उभे राहा, दोन-तीनदा दाब द्या, कडं बसू द्या.

४. एक बाजू उचला, फूटभर सरकवा, वजन टाका, बसली याची खात्री करा. मगच दुसरी.

५. दर दोन पावलांनी दोन्ही दोर वर सरकवा. आधी फासदोर, मग कमरदोर.

घाई झाली की लोक दीड-दोन फुटांची पावलं टाकतात. लांब पावलाने शरीर खोडापासून दूर जातं आणि खालचा पाय पायट्यात तिरका होतो. माझा पाय असाच सुटला होता.

कडं अर्ध्या वाटेवर सैल वाटलं, पायटा तिरका झाला, तर वर बसून दुरुस्ती करू नका. खाली या, नीट बसवा, पुन्हा चढा.

टप्पा ७: शेंड्याशी

सगळ्यांत खालच्या घडाच्या खाली यंत्र थांबवा. झावळीत यंत्र घुसवायचं नाही. वाळलेली झावळ आधी काढा, मग घड.

दोर खोडाभोवतीच राहील. चुडताच्या (झावळीच्या) देठाला तो कधीही अडकवू नका. हिरवं दिसणारं देठही बुडाशी सुटत आलेलं असतं आणि वजन आलं की सालीसकट निघून येतं. तोल सावरायला हात टाकतानाही हेच लक्षात ठेवा. हात खोडावर, नाहीतर यंत्राच्या मुठीवर.

कापताना दोर कोयत्याच्या विरुद्ध बाजूला आहे का, हे प्रत्येक घावाआधी बघा. घाव शरीरापासून दूर. घड सोडण्याआधी हाक द्या आणि खालून उत्तर आलं तरच सोडा. असोला (न सोललेला) नारळ किलो-दीड किलोचा असतो, आपटून कुठेही उसळतो. माडाच्या उंचीच्या निम्म्याएवढा घेर मोकळा ठेवा, कुत्र्या-कोंबड्यांसकट. शहाळी असतील तर घड दोराने खाली सोडा, नाहीतर फुटून जातात.

टप्पा ८: उतरताना

काम झालं, मन खाली उतरलं, अंग अजून वर. पाय याच वेळी सुटतात. आधी कोयता म्यानात. मग क्रम उलटा: फासदोर छातीच्या खाली न जाऊ देता दोर थोडे खाली घ्या, एक पाऊल, दुसरं पाऊल, पुन्हा दोर. शेवटच्या सहा फुटांत दोर सोडून उडी मारायचा मोह होतो. घोटे तिथेच मोडतात.

सलग किती माड करायचे ते सकाळीच ठरवा. सुरुवातीला चार पुरे. मुठी आवळताना बोटं थरथरायला लागली की पाचवा माड दुसऱ्या दिवशी.

साहित्याची निगा

दोर आणि हार्नेस सावलीत वाळवा, पंप आणि खताच्या खोलीत टांगू नका. बॅटरीच्या पाण्याचा एक थेंबही नायलॉन आतून खातो. दोर हातातून सावकाश ओढत नेताना कुठे गाभा मऊ, चपटा किंवा कडक लागला, आवरण लोकरीसारखं फुललं असेल, तर तो दोर संपला. एकदा ज्या दोराने किंवा हार्नेसने पडणारा माणूस झेलला, तोही संपला, कितीही नवा असला तरी. त्याचे तुकडे करून टाका. अख्खा ठेवलात तर कोणीतरी गडी तो खुंटीवरून काढून पुन्हा माडाला लावेल. वायरला दर महिन्याला तेलाचं फडकं फिरवा, रबराला मात्र तेल लागू देऊ नका. आणि यंत्राच्या चौकटीवर रंगाने तारीख लिहा: वायर कधी बदलली, क्लिपा कधी आवळल्या.